कोर्टात टिकेल अशी फिर्याद : ठाणे अंमलदाराच्या टेबलावर काय लिहावे, काय लिहू नये

पोलीस ठाण्यात फिर्याद लिहिताना टेबलाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी दोनच माणसे असतात. ती वाचली जाते तेव्हा घटनेला कित्येकदा चार-पाच वर्षे उलटलेली असतात. लिहून घेणाऱ्याची बदली झालेली असते, फिर्यादीला तारीखही धड आठवत नसते आणि बचाव पक्षाचे वकील एकेक वाक्य बोटाखाली धरून प्रश्न विचारत असतात. तिथे लिहिणारा उठून ‘मला असे म्हणायचे होते’ असे सांगू शकत नाही. फिर्याद, जबाब, पंचनामा लिहिण्याचे आणि नंतर तेच कागद तपासण्याचे काम मी बरीच वर्षे केले. हातून गेलेल्या कागदांवरून सांगतो की खटला कमकुवत करणाऱ्या चुका बहुतेक वेळा कायद्याच्या नसतात, वाक्याच्या असतात.

आधी ऐकणे. माणूस घाबरलेला किंवा संतापलेला असतो. तो मधूनच सुरुवात करतो, मागे जातो, पुढे उडी मारतो. त्याला एकदा सगळे सांगू द्यावे, त्या वेळी टंकलेखन सुरू करू नये. दुसऱ्यांदा सांगताना प्रश्न विचारावेत आणि कच्च्या कागदावर फक्त वेळा, नावे आणि जागा टिपाव्यात. मग लिहायला घ्यावे. क्रम घटनेचा असावा, सांगण्याचा नव्हे. म्हणजे फिर्यादी कोण, कुठे राहतो, काय करतो, आरोपीला ओळखतो का आणि कसा, घटनेच्या आधी तो कुठे होता, काय घडले, कोणी पाहिले, नंतर तो कुठे गेला, दवाखान्यात की थेट ठाण्यात, आणि यायला उशीर झाला असेल तर का. प्रथम खबर अहवालाच्या (एफआयआर) छापील नमुन्यात विलंबाच्या कारणासाठी वेगळा रकाना आहे. तो मोकळा सोडतात किंवा ‘घाबरल्याने’ एवढाच शब्द टाकतात. ‘आईला आधी ग्रामीण रुग्णालयात नेले, तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवले, तिला दाखल करून आता आलो’ हे एक वाक्य लिहिले की उलटतपासणीतला अर्धा तास वाचतो.

घरफोडीची नेहमीची फिर्याद कशी असते ते पाहा :

‘मी वरील ठिकाणी राहण्यास असून दि. १२ रोजी सदर ठिकाणी घराला कुलूप लावून गावी गेलो असता व परत येऊन पाहिले असता सदर घराचे कुलूप तोडून कोणीतरी अज्ञात चोरट्याने घरात प्रवेश करून सोन्याचे दागिने व रोख रक्कम असा ऐवज माझे संमतीवाचून मुद्दाम लबाडीने स्वतःचे फायद्याकरिता चोरून नेला आहे, म्हणून माझी कायदेशीर फिर्याद आहे.’

सबंध घरफोडी एका वाक्यात आली, पण तपासाला उपयोगी अशी एकही गोष्ट तिच्यात नाही. तोच मजकूर असा लिहिता येतो :

‘दि. १२ रोजी सकाळी ११.०० वाजता मी व माझी पत्नी घराच्या मुख्य दरवाजाला कुलूप लावून गावी गेलो. कुलपाची चावी माझ्याजवळ होती. दि. १३ रोजी सकाळी ०७.३० वाजता आम्ही परत आलो. तेव्हा दरवाजाचा कोयंडा उचकटलेला दिसला. कुलूप बंद स्थितीत, कोयंड्यात अडकलेले, उंबऱ्याजवळ पडले होते. आम्ही आत गेलो. आतल्या खोलीतील लोखंडी कपाट व त्यातील लॉकर उघडे होते. लॉकरमध्ये मी दि. ११ रोजी रात्री स्वतः ठेवलेल्या पुढील वस्तू तिथे नव्हत्या. त्या नेण्याची परवानगी मी कोणालाही दिलेली नव्हती.’

यातल्या कुलपाच्या वाक्याकडे बघा. सवयीने ‘कुलूप तोडून’ लिहिले जाते. मग घटनास्थळ पंचनाम्यात पंच खरे ते सांगतात की कुलूप शाबूत आहे, कोयंडा उखडलेला आहे. एकाच गुन्ह्याच्या दोन कागदांत दोन वेगळ्या गोष्टी आल्या. त्यात कोणी खोटे बोललेले नसते, लिहिणाऱ्याने फक्त ‘कुलूप कशा स्थितीत होते?’ हा प्रश्न विचारलेला नसतो.

वेळेचेही तसेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ मध्ये चोरीसाठी केलेल्या घरफोडीची कमाल शिक्षा दहा वर्षे आहे. तीच सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केली असेल तर चौदा वर्षे. फिर्यादी बाहेर असताना गुन्हा नेमका कधी घडला हे त्याला माहीत नसते. म्हणून ‘रात्री’ असे अंदाजाने न ठोकता ‘दि. १२ रोजी ११.०० ते दि. १३ रोजी ०७.३० दरम्यान’ असा पूर्ण कालावधी लिहावा. शेजाऱ्याने रात्री दहा वाजता दार व्यवस्थित पाहिले असेल तर ते त्याच्या जबाबात येईल आणि कालावधी तिथून कमी होईल.

दागिन्यांचे वजन ग्रॅममध्येच घ्यावे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, सराफी व्यवहारातला आजचा तोळा १० ग्रॅमचा; ‘तीन तोळे’ लिहिले की जप्त झालेला दागिना तोच आहे का यावरून वाद सुरू होतो. वस्तूचे नाव, वजन, घडण, ओळखीची खूण आणि पावती आहे की नाही, हे प्रत्येक वस्तूसमोर यावे. ‘दोन वाट्या व काळ्या मण्यांचे मंगळसूत्र, वजन १८ ग्रॅम, एका वाटीला पोचा, पावती आहे’ एवढे पुरे. फिर्यादीच्या तोंडी ‘सोन्याचे’ हा शब्द बरोबर आहे, कारण ती वस्तू त्याने विकत घेतलेली असते. जप्ती पंचनाम्यात मात्र ‘पिवळ्या धातूचे’ असेच यावे, सराफाने तपासेपर्यंत. त्याच न्यायाने ‘रक्ताचे डाग’ न लिहिता ‘रक्तासारखे दिसणारे डाग’ लिहावे. रक्त आहे की नाही हे प्रयोगशाळा सांगते.

तारखेतली सर्वांत मोठी फसगत मध्यरात्रीची. ‘१४ तारखेला रात्री साडेबारा’ असे माणूस सांगतो तेव्हा त्याच्या मनात १४ ची रात्र असते, पण कागदावर ती १५ तारखेची ००.३० ही वेळ असते. हे जागेवरच विचारून घ्यावे आणि चोवीस तासांच्या घड्याळाने लिहावे. ‘काल’, ‘परवा’ हे शब्द फिर्यादीत नकोतच. वेळ कशावरून सांगतो हेही लिहावे : मोबाइलमध्ये पाहिली, सातची एसटी नुकतीच गेली होती, कारखान्याचा भोंगा झाला होता. असा आधार असला की ‘अंदाजे’ शब्दालाही वजन येते.

आता व्याकरण. मराठीत ‘करून, जाऊन, ओढून’ अशी रूपे लावली की त्या सगळ्या क्रियांचा कर्ता एकच धरला जातो. ‘घरात घुसून, शिवीगाळ करून, ढकलून देऊन तो पळून गेला’ हे चालते, कारण चारही गोष्टी त्यानेच केल्या. पण ‘तो घरात घुसून मी ओरडून शेजारी जमा होऊन तो पळाला’ यात कोणी काय केले याचा पत्ता लागत नाही. कर्ता बदलला की वाक्य संपवावे. तो घरात घुसला. मी ओरडले. शेजारी जमले. तो मागच्या दाराने पळाला. ठाण्यात असे लिहिले तर कोणी तरी हमखास म्हणतो की हे शाळकरी वाटते. वाटू द्यावे. न्यायाधीशांना ते एका वाचनात कळते.

दुसरे दुखणे ‘करण्यात आली’चे. ‘मला मारहाण करण्यात आली’ यात मारणारा गायब आहे. चार आरोपी असतील तर प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे स्वतंत्र कृत्य यायला हवे : कोणी धरले, कोणी काठी मारली, कुठे मारली, कोण नुसता उभा होता. ‘सर्वांनी मिळून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली’ या वाक्यावर चौघांचीही सुटका होऊ शकते. कोणाचे कृत्य कोणते हेच त्यातून ठरत नाही.

‘त्यांनी’ हा शब्द तर फार सांभाळून वापरावा. मराठीत तो आदरार्थी एका माणसालाही लागतो आणि अनेकांनाही. फिर्यादी सुनेने सासऱ्यांबद्दल सांगितले, ‘मामंजी आणि दीर आले, त्यांनी मला ढकलले.’ एकाने की दोघांनी? भारतीय न्याय संहितेचे समान उद्देशाचे कलम ३(५) लावायचे की नाही, हे त्या उत्तरावर ठरू शकते. सर्वनाम सोडावे, नाव लिहावे. वाक्यावाक्याला नाव आले तरी बिघडत नाही. ‘त्याने त्याला त्याच्या काठीने मारले’ यात तीन माणसे असू शकतात. काठी मारणाऱ्याची स्वतःची असेल तर ‘स्वतःच्या काठीने’ म्हणावे.

क्रियापदेही फसवी आहेत. ‘भावाला मारले’ म्हणजे मारहाण केली की ठार मारले? ‘दगड मारला’ म्हणजे लांबून फेकला की हातात धरून डोक्यात घातला? फेकला असेल तर किती अंतरावरून, आणि तो लागला का? ‘कुऱ्हाडीने मारले’ म्हटले तर धारेच्या बाजूने की उलट्या बाजूने? वार धारेने केला तर तुटल्याची जखम, उलट्या बाजूने केला तर ठेचल्याची. वैद्यकीय प्रमाणपत्रातली जखम आणि फिर्यादीतले क्रियापद जुळले नाही तर संशयाचा फायदा आरोपीला जातो. म्हणून ‘धारदार हत्यार’ असे मोघम न लिहिता कोयता, सुरा, सत्तूर जे असेल ते लिहावे. अवयव डावा की उजवा हे जखमीला स्वतःच्या हाताने दाखवायला सांगावे. जखम गंभीर आहे की साधी, हे मात्र लिहिणाऱ्याने ठरवू नये. ते डॉक्टरांचे काम.

अंधारात घडलेल्या गुन्ह्यात आरोपीला ओळखले कसे हे फिर्यादीतच यावे : खांबावरचा दिवा किती फुटांवर होता, आवाजावरून ओळखले का, चेहऱ्यावर रुमाल होता का. आरोपी अनोळखी असेल तर वय, बांधा, उंची, कपडे, बोलण्याची भाषा आणि ‘पुन्हा पाहिल्यास ओळखेन’ की नाही, हे लिहावे. नंतरची ओळख परेड त्या वर्णनावरच उभी असते. वर्णन न देता थेट परेडमध्ये ओळखले तर पहिला प्रश्न येतो, मग फिर्यादीत का नाही?

कायद्याची भाषा फिर्यादीच्या तोंडी घालणे ही माझ्या मते ठाण्यातली सर्वांत खोल रुजलेली सवय. शेतमजूर बाई ‘आरोपींनी गैरकायद्याची मंडळी जमवून, संगनमताने’ असे बोलत नाही. ती म्हणते, ‘आठ-दहा जण आले, हातात काठ्या होत्या, पुढे सरपंचाचा भाऊ होता.’ हेच लिहावे. मंडळी बेकायदेशीर होती की नाही हे कलम लावणारा ठरवेल. साक्षीच्या पिंजऱ्यात तिला ‘संगनमत म्हणजे काय?’ असे विचारले आणि ती गप्प बसली तर अख्खी फिर्याद पोलिसांनीच रचली असे चित्र उभे राहते. अपघातातही तेच. ‘भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने’ हे तीन शब्द एका दमात येतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सतीश प्रकरणात स्पष्ट केले आहे की नुसते ‘भरधाव’ म्हटल्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. ट्रक दुभाजक ओलांडून आला का, चुकीच्या बाजूने होता का, वळणावर ओव्हरटेक करत होता का, ब्रेकच्या खुणा किती मीटर होत्या, हे लिहिले तर निष्काळजीपणा आपोआप दिसतो.

शिवीगाळीबाबत संकोच नको. ‘अश्लील शिवीगाळ केली’ एवढ्याने अपमानाचे कलम तग धरत नाही; उच्चारलेले शब्द जसेच्या तसे अवतरणात लिहावेत. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील फिर्यादीत तर जातिवाचक शब्द नेमके कोणते, कोणासमोर आणि कुठे उच्चारले, हे तिन्ही लागते, कारण त्या कायद्यात ‘लोकांच्या नजरेस पडेल अशी जागा’ ही अट आहे. बंद खोलीत की चावडीसमोर, आणि तिथे कोण हजर होते, हे सुटले तर फिर्यादीवर दुसरा अन्याय होतो.

भाषा फिर्यादीची, लेखन प्रमाण, हा मी पाळलेला नियम. ‘माळवद’, ‘पडवी’, ‘वट्टा’, ‘बांध’, ‘ताली’ हे शब्द तसेच ठेवावेत. जागा त्यांनीच नेमकी कळते. पण ‘घराचे पाठीमागे’, ‘रात्रीचे वेळी’, ‘विचारलेवरून’ ही जुनी दप्तरी रूपे आता सोडावीत. ‘सदर’, ‘नमूद’, ‘इसम’ यांची गर्दी झाली की कोणता सदर, कोणता नमूद हे शोधत मागे जावे लागते. मराठी न समजणारा फिर्यादी असेल तर शेवटी त्याला मजकूर हिंदीत किंवा त्याच्या भाषेत कोणी समजावून सांगितला, ते नावासह लिहावे.

१ जुलै २०२४ पासून फिर्याद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली घेतली जाते. तोंडी माहिती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि प्रत विनामूल्य द्यायची. हद्द कोणाची हे पाहून माणसाला परत पाठवता येत नाही. इलेक्ट्रॉनिक मार्गाने आलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही घ्यावी लागते. वाचून दाखवणे म्हणजे खरोखर वाचून दाखवणे, सावकाश. मी पाहिले आहे की नावातली, नात्यातली, डाव्या-उजव्याची चूक फिर्यादी याच वेळी पकडतो. ‘वाचून पाहिली, बरोबर आहे’ ही ओळ नमुन्यात आधीच छापलेली असल्यामुळे हा टप्पा सर्रास गाळला जातो.

साक्षीदाराचा कलम १८० खालचा जबाब वेगळा. त्यावर कलम १८१ प्रमाणे सही घ्यायची नसते. नवा अंमलदार सवयीने सही घेतो. प्रत्येकाचा जबाब स्वतंत्र असावा आणि त्याच्या शब्दांत असावा. पाच साक्षीदारांचे जबाब एकाच मजकुराची नावे बदलून केलेले असतील तर ते दहा मिनिटांत उघडे पडते. एकाच्या जबाबातली टंकलेखनाची चूक पाचही जबाबांत सापडते. किराणा दुकानदाराने गल्ल्यावरून जेवढे पाहिले तेवढेच त्याच्या जबाबात यावे. महत्त्वाची गोष्ट जबाबात राहून गेली आणि साक्षीत पहिल्यांदा आली, तर ती उणीव विसंगती मानली जाऊ शकते. कलम १८१ च्या स्पष्टीकरणातच तसे आहे. म्हणून शेवटी एक प्रश्न प्रत्येकाला विचारावा : आणखी काही पाहिले, ऐकले का?

पंचनामा सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिहून दोन्ही टोके बांधावीत. जागेची चतुःसीमा पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर अशी द्यावी, ‘डाव्या हाताला’ अशी नव्हे. अंतरे टेपने मोजावीत, पावलांनी नाही. दारापासून आत, डावीकडून उजवीकडे असा एकच फिरता क्रम ठेवला तर वस्तू सुटत नाहीत. पंचनाम्यात फक्त दिसलेले लिहायचे. ‘चोरटा खिडकीतून आत आला’ हा निष्कर्ष आहे. ‘खिडकीचे दोन गज वाकलेले, खाली ओट्यावर चिखलाचा बुटाचा ठसा’ हे निरीक्षण. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आता बंधनकारक आहे. त्यामुळे ठाण्यात बसून लिहायचे आणि ‘जागीच लिहिला’ म्हणायचे, ही जुनी पद्धत चित्रफीतच खोटी पाडते. कागदावरचा वस्तूंचा क्रम, संख्या आणि वेळ चित्रफितीशी ताडून मगच पंचांच्या सह्या घ्याव्यात. पाकीट, दोरा, लाखेची मोहोर, पंचांच्या सहीचे लेबल, यांतले जे केले ते पंचनाम्यात लिहिले नसेल तर मुद्देमाल उघडा होता असेच धरले जाते.

निवेदन पंचनाम्यात, म्हणजे लपवलेली वस्तू दाखवतो असे आरोपी पंचांसमोर सांगतो त्याच्या नोंदीत, आरोपीचे शब्द ‘मी’ म्हणून, तो बोलला तसेच घ्यावेत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ नुसार पोलिसांसमोरची कबुली चालत नाही, फक्त शोधाकडे नेणारा भाग चालतो. ‘ज्या कोयत्याने मी त्याला मारले तो मी उसाच्या फडात लपवला आहे, दाखवतो’ यातला पहिला तुकडा ग्राह्य नाही. ब्रिटिश काळातले सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलच्या पुलुकुरी कोट्टया निकालापासून हे ठरलेले आहे. तरीही पानभर कबुली लिहिली जाते आणि लपवल्याची जागा एका शब्दात उरकली जाते. लिहिणे नेमके उलटे हवे : कोणाचा फड, कोणता बांध, बांधापासून किती अंतर, कशात गुंडाळले.

संगणकावर जुनी फाइल उघडून तिच्यावर नवी फिर्याद चढवण्याने वेगळ्याच चुका येतात. जुना गुन्हा क्रमांक राहतो, ‘आली’चे ‘आला’ होते, मधल्याच परिच्छेदात आधीच्या फिर्यादीचे आडनाव निघते. कोरा नमुना घ्यावा, भरलेला नाही. नाव आधार कार्डाप्रमाणे आणि गावात ज्या नावाने ओळखतात ते ‘ऊर्फ’ लावून, दोन्ही द्यावे. रक्कम अंकी आणि अक्षरी. वाहन क्रमांक आणि मोबाइल क्रमांक दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचून तपासावेत.

सही झाल्यावर चूक सापडली तर खाडाखोड नको, पान बदलणे तर नकोच. फिर्यादीचा पुरवणी जबाब त्याच दिवशी घ्यावा. आधी काय लिहिले गेले, बरोबर काय आहे आणि चूक कशी झाली, हे तीन वाक्यांत नोंदवावे आणि तशी नोंद केस डायरीत, म्हणजे तपासाच्या रोजच्या नोंदवहीत, घ्यावी. महिनाभराने घेतलेल्या पुरवणी जबाबात नवा आरोपी आला तर तो विचार करून घातला असेच म्हटले जाते. त्याच संध्याकाळी घेतलेल्या जबाबावर तो आरोप सहसा टिकत नाही.